काठी दिली, उंची कोणी मोजली? जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आरोग्य समितीचे सभापती,
जिल्हा परिषद

विषय: प्राथमिक आरोग्य केंद्रातला आठवड्याचा ज्येष्ठांचा दवाखाना पुन्हा सुरू करण्याबाबत

महोदय,

ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा दवाखाना चालवायची गरज नाही, असं आपल्या विभागानं यंदा ठरवलं. म्हाताऱ्या माणसांनी रोजच्या गर्दीतच यावं आणि त्यांच्यासाठी वर्षातून एकदा तालुक्याला मेळावा व्हावा, असा तो निर्णय. मेळावा झालाही. मांडव उभा राहिला, सत्कार झाले, काठ्या, वॉकर आणि कमरेचे पट्टे वाटून झाले. केंद्रातल्या ज्येष्ठांच्या खोलीत आता औषधांचे रिकामे खोके आहेत.

हे पत्र लिहिणारे आम्ही याच कामातले आहोत. निवृत्त आरोग्यसेविका, औषधनिर्माते, एक फिजिओथेरपिस्ट आणि गावात अजून फिरणाऱ्या काही जणी. आमच्यातल्या निम्म्यांनी साठी ओलांडली आहे, म्हणजे त्या रांगेत उद्या आम्हीच उभे राहणार. आमचा स्वार्थ एवढाच. उघडपणे लिहितोय, कारण याच विषयाचे दोन अर्ज आवक नोंदवहीत क्रमांक घेऊन पडून आहेत.

सुरुवात त्या काठीपासूनच करू.

मेळाव्यातली काठी ॲल्युमिनियमची, उंची कमीजास्त करता येणारी होती. नळीला ओळीनं भोकं असतात, त्यातून एक छोटी कळ बाहेर डोकावते. ती दाबायची, नळी सरकवायची, पुढच्या भोकात कळ टक् करून बसली की चकती आवळायची. दोन मिनिटांचं काम, पण ते कोणी केलं नाही. खोक्यातून निघाली त्या उंचीची काठी साडेपाच फुटी आजोबांनाही मिळाली आणि साडेचार फुटी आजींनाही. खरी उंची अशी ठरते: माणूस रोजची चप्पल घालून सरळ उभा, हात सैल सोडलेले. मनगटाची घडी जिथं येते तिथं मुठीचा वरचा भाग आला पाहिजे. मग धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं, १५ ते ३० अंश. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो आणि काठीवर भार पडतच नाही. बुटकी झाली तर माणूस पुढे झुकतो, कंबर धरते आणि तोल आणखी बिघडतो.

काठी कोणत्या हातात धरायची, हेही सांगितलं गेलं नाही. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. ऐकायला उलटं वाटतं, म्हणूनच जो तो दुखऱ्या बाजूला धरतो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडले की भार दोघांत वाटला जातो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. हे चार वेळा करून घ्यावं लागतं, मंचावरून सांगून भागत नाही.

आणि काठीच्या टोकाचं ते रबरी बूच. नव्या बुचाच्या तळाला गोल चकत्या उठलेल्या असतात. गिट्टी-मुरमाच्या रस्त्यावर रोज वापरलं की त्या झिजून तळ सपाट होतो. सपाट बूच ओल्या शहाबादी फरशीवर टेकवलं की काठी आधी घसरते, मागोमाग माणूस. नवं बूच थोडक्या पैशांत येतं, पण आमच्या तालुक्याच्या बाजारात ते मिळत नाही आणि केंद्रात ठेवायचं कोणाला सुचलं नाही. मेळाव्यातल्या बऱ्याच काठ्या सध्या कोंबड्या हाकायच्या कामी आहेत.

आठवड्याचा दवाखाना ही कोणाची मेहेरबानी नव्हती. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, तिथंच फिजिओथेरपी, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट, हे त्या कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २० तर सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग ठेवायला सांगतं. आमच्या केंद्रात वेगळी रांग कागदावर आहे. प्रत्यक्षात नंबर धरायला रांगेत चपला ठेवाव्या लागतात.

वेगळा दिवस कशाला, असं आपण विचाराल. रोजच्या गर्दीत बीपी कसा मोजला जातो ते एकदा येऊन पाहा. माणूस एसटीतून उतरून उन्हात अर्धा किलोमीटर चालत आलेला असतो. त्याला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवतात, पाय लोंबकळत, हात हवेत, मागचे लोक ढकलत, आणि सिस्टर त्याच्याशी बोलत बोलत पट्टा फुगवते. गालात खर्रा असला तर विचारूच नका, तंबाखूनं बीपी चढतोच. हा आकडा १० ते २० नं सहज जास्त निघतो आणि त्या आकड्यावर गोळी वाढते. बरोबर मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलणं बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा, बिडी, खर्रा नको. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट सोडून. दंड काटकुळा असेल तर लहान पट्टा लावा, कारण मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो.

साठीनंतर बीपी उभ्यानंही मोजावा लागतो. पाच मिनिटं झोपवून एकदा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर त्या माणसाला उठल्या उठल्या भोवळ येणार, आणि गोळी वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा तपासणीला माणशी पंधरा मिनिटं लागतात. शंभराच्या रांगेत ती मिळत नाहीत. वेगळा दिवस हवा तो यासाठी.

न मोजता गोळ्या वाढल्या की काय होतं, त्याची आम्ही नेहमी पाहतो ती साखळी अशी. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या मोठ्या डोसनं घोट्यांना सूज येते. कोणीतरी म्हणतं पाणी साचलं, आणि लघवीची गोळी सुरू होते. मग रात्री चार वेळा उठणं. अंगणात अंधार, बकरीचं दावं आडवं, मोरीचा दगड शेवाळलेला. खुब्याचं हाड मोडतं. मोडलेल्या हाडाची नोंद अपघात म्हणून होते, गोळीचं नाव त्यात कुठंच येत नाही.

दुसरीकडे, ज्यांना गोळी खरंच हवी त्यांना ती पुरेशी मिळत नाही. केंद्रातून सात दिवसांची, फार तर दहा दिवसांची पट्टी हातात पडते. महिन्यातून तीन-चार खेपा म्हणजे कोणाची तरी तीन-चार दिवसांची मजुरी, कारण सोबत यायला घरचा एक माणूस लागतो. पंच्याहत्तरीनंतर एसटी २०२२ पासून फुकट आहे, हे खरं. सोबतच्या माणसाला तिकीट पडतं, आणि पहिल्या पायरीवर गुडघा चढत नाही ते वेगळंच. त्यामुळे उत्तर ठरलेलं: "गोयी सरली, मंग सोडून देल्ली." गोळी अशी अधूनमधून तुटली की बीपी उसळतो आणि लकव्याचा धोका वाढतो. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा सगळा भर ठरलेली औषधं, एका वेळी ३० दिवसांचा पुरवठा आणि न आलेल्याचा पाठपुरावा यावर होता. तो पहिल्या टप्प्यात आपल्याच विदर्भात, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत राबवला गेला. म्हणजे हे आपल्याकडे जमत नाही असं म्हणायची सोय नाही.

गोळ्यांचं आणखी एक. साखरेच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, उपाशीपोटी घेतल्या की साखर धोकादायक खाली जाते. आपल्याकडे एकादशी आहे, चतुर्थी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे देतानाच सांगायला हवं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. मेटफॉर्मिन ही साखरेचीच गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. मग तळव्यांना मुंग्या येतात आणि तोल जातो. त्याला सगळे "वय झालं" म्हणतात. आणि केंद्रात गुडघेदुखीवर काही मिळत नाही म्हणून माणूस आठवडी बाजारात सुई टोचून घेतो, नाहीतर गठियाची, म्हणजे संधिवाताची, पुडी आणतो. दुखणं थांबवणाऱ्या सुया-गोळ्या रोजच्या झाल्या की बीपी वाढवतात, पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडं खराब करतात. बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं. ती अचानक बंद केली तरी धोका, म्हणून ती सोडवायचं कामही डॉक्टरांचंच.

आता आमच्या मते सगळ्यात मोठी चूक. म्हाताऱ्या माणसाचं आरोग्य आपण बीपी आणि साखर या दोन आकड्यांवर मोजता. खाली बसलेला माणूस हात न टेकता उठतो का, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. आशाताई घरोघरी आजारांचा धोका विचारून भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीच्या पुढच्यांसाठी प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, कपडे घालायला, आंघोळीला, शौचाला दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं विसरता का. ताई विचारतात, उत्तरं भरतात. "हो" असं उत्तर आलं तर पुढे काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. फॉर्म अपलोड झाला की काम संपलं.

तपासायला यंत्र लागत नाही. बसायची जागा सुमारे १७ इंच उंच असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला ११ पेक्षा कमी जमलं, ७५ ते ७९ मध्ये पुरुषाला ११ आणि बाईला १० पेक्षा कमी, तर पडायचा धोका वाढलेला आहे. हात टेकवावे लागले तर शून्य लिहा. दुसरी तपासणी चालण्याची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर लक्ष द्या. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे मोबाइल आहे, त्यात घड्याळ आहे.

"जन्मभर वावरात राबलेल्यांना व्यायाम कशाला?" हे वाक्य आम्ही आपल्याच एका बैठकीत ऐकलं. राबणं जोवर चालू आहे तोवर ठीक. मुलाच्या हाती वावर गेलं, निंदायला जाणं थांबलं आणि बूड बाजेवर टेकलं की मांड्यांचा स्नायू काही महिन्यांत उतरतो. आजारपणात आठवडाभर झोपून राहिलं तर त्याहून लवकर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम सांगितलाय, चालणं त्याशिवाय. गावात त्यासाठी लागणारं सगळं आहे. पाराच्या कट्ट्यावरून उठबस, दहाचे दोन फेर. जड जात असेल तर आधी कट्ट्यावर घोंगडी घडी करून उंची वाढवा, जमू लागलं की घडी काढा. दाराची चौकट धरून टाचा उचलणं, दहा वेळा. एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून दहा सेकंद उभं राहणं, एक हात भिंतीजवळ. गुडघ्यात थोडी ओढ चालेल. छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर तिथंच थांबायचं. उपकेंद्रात योगाचा तास होतो, त्यात गुडघे न वाकणाऱ्यांना सतरंजीवर मांडी घालायला सांगतात. तोच तास खुर्चीवर घ्या.

पण पोटात काही नसेल तर व्यायामानंही स्नायू टिकत नाही. ५० किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन-तीन ज्वारीच्या भाकरी आणि पातळ वरण यांत जेमतेम निम्मी येतात. दात नसले की भाकर चहात बुडते आणि तीही निम्मी होते. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत तेवढीच, पेलाभर दुधात तेवढीच. आणि गंमत पाहा, शेंगदाण्याहूनही जास्त प्रथिनं असलेलं सोयाबीन आपण पोत्यानं पिकवतो आणि दाणा न खाता बाजार समितीत टाकून येतो. ते कच्चं पचत नाही. उकळत्या पाण्यात वीस मिनिटं शिजवून, वाळवून, नऊ किलो ज्वारीत एक किलो घालून दळलं तर भाकरीची चव फारशी बदलत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. हे सांगायला आहारतज्ज्ञ नको, आठवड्याचा तो दवाखाना हवा.

घरच्या संडासाबद्दल. योजनेतून घरोघर संडास झाले ते चांगलंच, पण भांडं उकिडवं बसायचं आणि धरायला काही नाही. बसलेला माणूस नळ धरून उठतो, एक दिवस नळ हातात येतो. सव्वा इंची लोखंडी जीआय पाइपचा धरायला दांडा, टोकांना फ्लँज म्हणजे भिंतीला बसायच्या चकत्या लावून, बसल्यावर हात पोचेल तिथून कमरेपर्यंत तिरका बसवला की काम झालं. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्ट धरतात. मातीच्या किंवा पत्र्याच्या भिंतीत धरत नाहीत, तिथं पाइप जमिनीत काँक्रीट भरून उभा करावा लागतो. राज्याच्या वयोश्री योजनेतून २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला साधनांसाठी ३००० रुपये एकदा मिळतात. त्यात कमोडची खुर्ची येते. अर्जासोबत ही माहिती कोणी देत नाही, म्हणून बहुतेक पैसा कमरेच्या पट्ट्यात जातो.

ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला सांगायला नको. म्हातारपणी तहान कमी लागते, घर पत्र्याचं, आणि वरून लघवीची गोळी चालू. एप्रिलच्या सुरुवातीलाच अशा प्रत्येकाच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हव्यात. आपल्या मनानं बंद करणंही बरं नाही. यंदा नेमका त्याच महिन्यात दवाखाना बंद झाला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, नंतरचा चष्मा मिळत नाही. कानाचं यंत्र कान न तपासता दिलं जातं, कानात मळ असला तरी. मग ते डब्यात जातं.

सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, असं आपण प्रत्येक सभेत सांगता. ते दवाखान्यात भरती झाल्यावर. खुबा मोडल्यानंतर लाखो रुपये खर्च करायची तयारी आहे आणि तो मोडू नये म्हणून लागणारं रबरी बूच नाही, हा हिशोब आम्हाला कळत नाही.

आमच्या मागण्या:

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांचा आठवड्याचा दवाखाना महिन्याभरात पुन्हा सुरू करावा. दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा, त्या दिवशी बस आणि ऑटो दोन्ही मिळतात.

२. बीपी आणि साखर स्थिर असलेल्यांना ३० दिवसांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या गोळ्या उपकेंद्रातून घरी पोचवाव्यात.

३. साठीपुढच्या प्रत्येकाचा झोपवून आणि उभ्यानं बीपी, खुर्चीची तपासणी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी एका कार्डावर लिहावी. गोळ्यांची पिशवी सोबत आणायला सांगावी, खासगी दवाखान्यातल्या गोळ्यांसकट.

४. सीबॅक फॉर्ममध्ये "हो" आलेल्या घरी १५ दिवसांत समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं जावं. त्यासाठी आशाताईंवर आणखी एक विनामोबदला काम टाकू नये.

५. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट केंद्रात यावा. मेळाव्यातल्या काठ्या-वॉकर गावात जाऊन मापाला लावून द्यावेत. काठीची आणि वॉकरची बुचं केंद्राच्या औषधभांडारात ठेवावीत.

मापाचं काम विभागाला जड वाटत असेल तर ते आम्ही करू. फीतसुद्धा लागत नाही, मनगट पुरतं. बुचं मात्र आपण पुरवा.

उत्तर लेखी हवं. आम्हाला पाठवलं नाही तरी चालेल, प्रत्येक केंद्राच्या फलकावर लावा. फक्त अक्षर मोठं काढा.

आपले,
तालुक्यातील आजी-माजी आरोग्य कर्मचारी